मिक्समध्ये बेस, कागदावर नाव: थ्रॅश बँडच्या पहिल्या ईपीचे पंधरा महिने

आमच्या थ्रॅश (अतिवेगवान मेटल) बँडच्या पहिल्या सरावाचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग घरी आल्यावर ऐकलं, तर त्यात माझा बेस (जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार) नव्हताच. १४ जानेवारी २०२४, ठाण्यातली जॅम रूम, दोन तासांचे हजार रुपये. दोन गिटार होत्या, ड्रम होते, गाणाऱ्याचा आवाज होता. मी दोन तास न थांबता वाजवलं होतं आणि त्याची खूण कुठेच सापडत नव्हती. पुढच्या रविवारी ॲम्पचा आवाज वाढवला. खोली थरथरायला लागली, रेकॉर्डिंगमध्ये नुसती घरघर वाढली, आणि सूर तरीही कळेना. त्या रात्री खूप निराश झाले होते, हे कबूल करते.

थ्रॅश बँडमध्ये नव्याने बेस घेणारे बरेच जण इथेच अडकतात आणि मग एक तर वाद्य सोडतात, नाहीतर गिटारकडे वळतात. म्हणून जानेवारी २०२४ ते मार्च २०२५ या काळात पाच गाण्यांची, २३ मिनिटांची ईपी (छोटा अल्बम) पूर्ण करताना काय काय करावं लागलं ते झालं त्याच क्रमाने लिहिते आहे. यात तारा आहेत, मनगट आहे, स्टुडिओ आहे आणि सरकारी अर्जही आहे. माझ्या दृष्टीने ते सगळं एकच काम होतं.

बेस का हरवतो, ते आधी पाहू. बेसची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की ४१.२ हर्ट्झचा सूर येतो. गिटारची जाड तार ८२.४ हर्ट्झवर, म्हणजे बरोबर दुप्पट. थ्रॅशमध्ये बहुतेक वेळ दोघं एकच रिफ (पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) वाजवतात, त्यामुळे बेसचा दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा उपसूर) गिटारच्या मूळ सुरावरच येऊन बसतो. त्याच्या खाली ६० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात पायाने वाजवायच्या किक ड्रमचा ठोका असतो, आणि डबल किक चालू असेल तर तिथे श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. फोनचे छोटे स्पीकर १०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ टाकूनच देतात. मग बेस म्हणून कानाला ओळखू काय येतं? तारेवर पिक (तार छेडायची छोटी चकती) आपटल्याचा आणि तार फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) लागल्याचा, साधारण ७०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झमधला खणखणीत, खरबरीत आवाज. मी नेमका तोच भाग ॲम्पवर उतरवून ठेवला होता. घरी एकटं वाजवताना मिड्स (मधल्या पट्ट्यातले सूर) कमी केले की आवाज भरदार वाटतो. बँडमध्ये तोच आवाज बुडतो. तिसऱ्या सरावाला मिड्सचं बटण मधल्या खुणेच्या बरंच पुढे नेलं आणि लो (खालचा पट्टा) थोडं कमी केलं. एकटं ऐकलं तर तो आवाज कुरूप होता. रेकॉर्डिंगमध्ये मात्र पहिल्यांदा बेस ऐकू आला.

याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे मेटॅलिकाचा १९८८ चा अल्बम. क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि या बँडबरोबरच्या त्याच्या पहिल्या पूर्ण अल्बममध्ये त्याचा बेस जवळपास ऐकूच येत नाही. मिक्स करताना (सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना) त्याची पातळी खाली नेली गेली, हे खरंच. पण बेस गिटारच्या रिफला अगदी चिकटून वाजवलेला असला की तो असा बुडवणं सोपंही जातं. याउलट मेगाडेथच्या १९८६ च्या अल्बममधलं शीर्षकगीत डेव्हिड एलेफसनच्या एकट्या बेसने सुरू होतं, आणि पिकचा तो ठोका पुढे सगळं वाजायला लागल्यावरही ऐकू येत राहतो. ओव्हरकिलच्या डी. डी. व्हर्नीचा आवाज तर करवतीसारखा आहे. अँथ्रॅक्सचा फ्रँक बेलो बोटांनी वाजवतो आणि तरीही ठसठशीत ऐकू येतो, तेव्हा पिक हाच एक मार्ग आहे असं नाही. पण आमच्या गाण्यांचा वेग मिनिटाला १९० ठोके होता आणि माझ्या बोटांत त्या वेगाला तो ठसका येत नव्हता. फेब्रुवारीत पिक हातात घेतलं.

पिक १.१४ मिलिमीटरचं. पातळ पिक बेसच्या तारेवर वाकतं आणि सूर उशिरा सुटतो. दोन-तीन सरावांनंतर पिकची कड झिजून खरखरीत होते आणि तारेत अडकायला लागते, म्हणून एकदम डझनभर घेऊन ठेवावीत.

१९० च्या वेगाला एका ठोक्यात दोन सूर, सगळे खालच्या फटक्याने वाजवायचे तर मिनिटाला ३८० फटके होतात, सेकंदाला सहापेक्षा जास्त. ठोक्यात चार सूर असतील तर सेकंदाला साडेबाराच्या वर, आणि तिथे खाली-वर असं आलटून-पालटून वाजवण्याला पर्याय नाही. मी १३० वर मेट्रोनोम लावून सुरुवात केली. दोन मिनिटं एकही फटका न चुकता गेला तरच चारने वेग वाढवायचा, असा नियम ठेवला. १७४ ला तीन आठवडे अडकून पडले. शेवटी फोनवर हाताचा व्हिडिओ घेतला तेव्हा दोन चुका दिसल्या: हात मनगटाऐवजी कोपरातून हलत होता, आणि पिकचं टोक तारेच्या पार खाली जात होतं. बोटांबाहेर टोक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर ठेवलं, तशी अडचण सुटली. एप्रिलच्या अखेरीस १९० ला पूर्ण गाणं निघायला लागलं.

पण त्याआधी मार्चमध्ये उजव्या हाताची कोपराखालची बाजू दुखायला लागली होती. दुखणं घेऊनच आठवडाभर वाजवत राहिले. ते करायला नको होतं. फिजिओथेरपिस्टकडे चार वेळा जावं लागलं, दर वेळी ६०० रुपये, आणि नऊ दिवस वाद्याला हात लावायचा नाही असा सल्ला मिळाला. कारणं साधी होती: पिक गच्च धरणं, आणि बेस कमरेच्या खाली लटकवल्यामुळे मनगट मुडपलेलं राहणं. बसल्यावर बेस ज्या उंचीवर येतो त्याच उंचीवर उभं राहिल्यावरही यावा, एवढा पट्टा वर घ्या. स्टेजवर खाली लटकलेला बेस रुबाबदार दिसतो, मान्य आहे. पण २३ मिनिटांचा सलग सेट मनगटाला पेलायचा आहे.

वेगाइतकंच अवघड काम म्हणजे न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवणं. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) लावलं की शेजारच्या तारेची पुसट गुंजही चिखलासारखी पसरते. डाव्या हाताची रिकामी बोटं तारांवर आडवी टेकवायची, उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ (तारा बॉडीवर टेकतात तिथे) ठेवायची. ज्या गाण्यात जी तार लागतच नाही, त्या गाण्यापुरता तिच्याखाली ब्रिजपाशी स्पंजचा बारका तुकडा सारला तरी चालतो. स्टुडिओत मी तेच केलं.

मे महिना बेसचे भाग लिहिण्यात गेला. या कामावर पुढे बरंच काही अवलंबून होतं, तेव्हा थोडं सविस्तर सांगते. रिफ मोकळ्या जाड तारेवर धावत असेल तिथे मी गिटारबरोबरच राहिले, कारण तिथे एकजीव ठोकाच हवा असतो. गिटार वरच्या सुरांवर भराभर घासत असतील तिथे बेसने निम्म्या वेगाने, किकच्या ठोक्यांवर चालायचं. दोघं धावले तर कोणीच ऐकू येत नाही. आणि सोलो सुरू झाला की एक गिटार वर निघून जाते, खाली पोकळी पडते. तिथे बेसने डिस्टॉर्शन वाढवून रिफ स्वतःकडे घ्यायचा. दुसऱ्या गाण्याचा मधला भाग तर बेसच्याच ओळीवर उभा राहिला, गिटार नंतर त्यावर बसवल्या गेल्या.

आता वाद्य. आमचं ट्यूनिंग अर्धा स्वर खाली, म्हणजे माझी जाड तार ३८.९ हर्ट्झवर. नेहमीच्या ४५ ते १०५ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) तारा एवढ्या खाली आणून जोरात वाजवल्या की सैल पडतात आणि फटक्याच्या क्षणी सूर चढा जातो. म्हणून ५० ते ११० चा, स्टेनलेस स्टीलचा गोल वेटोळ्यांचा संच घेतला. निकेलच्या तारांपेक्षा त्याचा आवाज चकचकीत असतो, पण फ्रेट लवकर झिजवतो. एका संचाचे २,३०० रुपये, आणि ईपी संपेपर्यंत तीन संच लागले. ११० ची तार नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) जुन्या खाचेत नीट बसत नाही, वर तरंगते. घरी कानस चालवू नका. खाच एकदा खोल झाली की अख्खा नट बदलावा लागतो. गिटार दुरुस्त करणाऱ्या काकांकडे खाच रुंद करून पूर्ण सेटअप (तारांची उंची, नेकचा वाक जुळवणं) करून घेतला, २,२०० रुपये, चार दिवस लागले. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २.२ मिलिमीटर, बारीक तारेची १.८. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरला की मधे, आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्यात साधारण ०.३ मिलिमीटर फट. तार थोडीशी फ्रेटला लागली पाहिजे, कारण थ्रॅशचा खणखणाट तिथूनच येतो. पण सूर मरता कामा नये.

हा सेटअप मेमधला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि जुलैच्या सुरुवातीला जाड तार बाराव्या फ्रेटवर जवळजवळ ३ मिलिमीटरवर गेली होती. लाकूड ओलावा धरतं, नेकचा वाक बदलतो. ट्रस रॉड (नेकचा वाक जुळवणारी आतली सळई) पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवायचा नाही, आणि फिरवल्यावर रात्रभर थांबून मगच परत मोजायचं. मला दोन वेळा पाव-पाव फेरा लागला. त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तोच फ्रेट दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहायचे. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो तुकडा) मागे, उतरलेला असेल तर पुढे. गिग बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात रेकॉर्डिंग असेल तर सेटअपची तारीख रेकॉर्डिंगच्या आधीच्या आठवड्यातच धरा.

१० आणि ११ ऑगस्टला बेसचं रेकॉर्डिंग झालं. ड्रम आधीच झाले होते, आणि इंजिनिअर दादांनी रिदम गिटारही आधी घेतल्या. गिटारच्या सुरांत बारीकसारीक चढउतार राहतात. बेस नंतर घेतला की तो त्यांच्याशी जुळवून घेता येतो. आधी घेतला आणि गिटार नंतर बिनसल्या तर दोष कुणाचा तेच कळत नाही. आमच्या बाबतीत हा क्रम बरोबर ठरला. स्टुडिओचा दर तासाला १,००० रुपये, पाच गाण्यांच्या बेसला ११ तास लागले.

तारा आदल्या दिवशी बदलून, ताणून ठेवल्या होत्या. अगदी ताज्या तारा तासभर सूर सोडत राहतात. जुन्या तारा घामाने मंद होतात. दुसऱ्या दिवशी चौथ्या गाण्याला खणखणाट उतरल्याचं स्पष्ट ऐकू आलं आणि दुसरा संच चढवला. पहिला संच घरी नेऊन दहा मिनिटं पाण्यात उकळला, कापडाने पुसून पूर्ण वाळवला. त्याने थोडे दिवस झळाळी परत येते, सरावाला पुरते, रेकॉर्डिंगला नाही.

प्रत्येक टेकच्या (रेकॉर्डिंगच्या एकेका प्रयत्नाच्या) आधी ट्यून करायचं, आणि तेही गाण्यात जितक्या जोराने वाजवणार तितक्याच जोराने तार छेडून. हळू छेडून जुळवलेली तार जोरात वाजवली की काही सेंट (अर्ध्या स्वराचे शंभरावे भाग) चढी जाते. पहिल्या तासात दादांनी चार वेळा थांबवलं: ‘‘अगं, ट्यून बघ परत.’’ चौथ्या वेळी घशाशी आवंढा आला होता. नंतर दोन्ही टेक शेजारी ठेवून ऐकले तेव्हा त्यांचं म्हणणं शब्दशः पटलं.

सिग्नल दोन वाटांनी घेतला: डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल ॲम्पशिवाय रेकॉर्डिंगला देणाऱ्या पेटीतून) थेट, आणि ॲम्पपुढे माईक लावून. डीआयची पातळी सर्वांत जोराच्या फटक्यालाही उणे १० डेसिबलच्या वर जाऊ दिली नाही. माईक स्पीकरपासून ३४ सेंटिमीटर दूर असला तर आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये ते ४८ सँपल (आवाजाचे मोजलेले नमुने) होतात. दोन्ही ट्रॅक तसेच एकत्र केले तर ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खातो आणि बेस पोकळ लागतो. पडद्यावर पहिला फटका मोठा करून दोन्ही लाटा जुळवून घ्या, बेस एकदम पुढे येतो. हे पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर लक्षात आलं; सकाळचे ट्रॅक मागाहून सरकवता आले, म्हणून निभावलं.

५० हर्ट्झची गुणगुणही छळत होती. लॅपटॉपचा चार्जर काढला की गायब व्हायची. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या केबलची अर्थशी जोडणी तोडणारं) बटण दाबलं आणि मिटलं. प्लगची अर्थिंगची पिन काढून हा प्रश्न सोडवणारे मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका, शॉक बसून जीव जाऊ शकतो.

सप्टेंबर मिक्सचा. दर गाण्याला ६,००० रुपये, मास्टरिंग (तयार मिक्सची शेवटची सफाई) धरून. चौघांत वाटून माझ्या वाट्याला ७,५००. डीआयच्या दोन प्रती केल्या. एकीत २०० हर्ट्झच्या खालचं फक्त, स्वच्छ आणि चांगलंच दाबून धरलेलं, म्हणजे खालची पातळी स्थिर राहते. दुसरीत २०० च्या वरचं, त्यावर डिस्टॉर्शन. सगळ्या बेसवर एकदम डिस्टॉर्शन लावलं की तळ विरघळतो, म्हणून ही विभागणी. डिस्टॉर्शनच्या प्लगइनमुळे दुसरी प्रत थोडी मागे पडू शकते, तेव्हा लाटा पुन्हा जुळवाव्या लागतात. मग गिटारचं ९० हर्ट्झच्या खालचं कापलं. गिटारिस्टला ते एकट्याने ऐकवू नका, त्याला गिटार पातळ वाटणारच. सगळं एकत्र वाजवून ऐकवा. गिटारच्या ८०० हर्ट्झपाशी थोडी उतरंड, बेसला तिथेच थोडी चढण.

मिक्सच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीला मी ‘बेस वाढवा’ असं कळवलं आणि आला तो नुसता घुमणारा मिक्स. दुसऱ्या फेरीपासून वेळ टाकून लिहायला लागले: ‘१ मिनिट ४२ सेकंदांपासून सोलो संपेपर्यंत बेसची डिस्टॉर्शनची प्रत दीड डेसिबल वर.’ अशी सूचना ज्याला मिळते त्याचंही काम सोपं होतं. तपासायला फोनचा स्पीकर, स्वस्तातले इअरफोन आणि गाडीतला म्युझिक सिस्टीम एवढं पुरे.

आता कागद. मिक्स संपत आला तसा प्रश्न निघाला की गाणी कुणाची. याबद्दल बोलायला मला फार अवघड जात होतं, कारण मैत्रीत पैशांचं कशाला, असं वाटत होतं. पण बेसवाल्याचं नाव इथेही अगदी सहज बुडतं. रिफ गिटारवर सुचतात, म्हणून संगीतकार गिटारिस्ट, असं धरून चालायची सवय असते. भारतीय कॉपीराइट कायद्यात शब्द आणि संगीत या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि संगीतकार म्हणजे ज्याने संगीत रचलं तो, मग त्याने ते लिपीत लिहिलेलं असो वा नसो. दुसऱ्याने रचलेलं नुसतं वाजवणारा हा त्या कायद्यात सादरकर्ता असतो. त्याचे हक्क वेगळे आहेत आणि त्यांची मुदत ५० वर्षांची. संगीतकृतीचा हक्क मात्र रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि एकत्रित रचना असेल तर ही ६० वर्षं शेवटच्या सहरचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजतात. फरक मोठा आहे.

२२ सप्टेंबरला चौघं बसलो आणि गाण्यागणिक वाटण्या लिहिल्या. शब्द गाणाऱ्याचे, ते वेगळे. तीन गाण्यांचं संगीत समान, प्रत्येकी २५ टक्के. उरलेल्या दोन गाण्यांत ज्यांच्या ओळींवर गाणं उभं आहे त्या दोघांना ४०-४० आणि बाकीच्या दोघांना १०-१०. त्यातलं एक म्हणजे ईपीतलं दुसऱ्या क्रमांकाचं गाणं, त्यात माझे ४०. मे महिन्यातली फोनवरची तारीखवार रेकॉर्डिंग तेव्हा उपयोगी पडली, कुणाची ओळ आधी आली याबद्दल वाद झाला नाही. कागदावर चौघांची पूर्ण नावं, आधारवर आहेत तशीच, टक्क्यांची बेरीज १००, तारीख आणि सह्या. तासभर लागला. हे रेकॉर्डिंगच्या आधी व्हायला हवं होतं.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, हक्क रचना झाली की मिळतोच. पण पुढे वाद झाला तर नोंद हाताशी असलेली बरी. ७ ऑक्टोबरला ऑनलाइन अर्ज केला, फॉर्म क्रमांक १४. संगीतकृतीला प्रत्येकी ५०० रुपये, पाच गाण्यांचे २,५००. ध्वनिमुद्रणाची नोंदणी वेगळी असते आणि तिला प्रत्येकी २,००० पडतात, ती आम्ही सोडली. गाणी तोपर्यंत बाहेर आली नव्हती, म्हणून ‘अप्रकाशित’ अशी नोंद केली. अर्ज एकाच्या नावाने असेल तर बाकीच्या सहरचनाकारांची सही केलेली ना-हरकत पत्रं जोडावी लागतात. पैसे भरले की डायरी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्यावरच होते. त्यानंतर ३० दिवस कुणाची हरकत येते का यासाठी थांबावं लागतं, मग तपासणी.

आमच्या अर्जात त्रुटी निघाली. १९ डिसेंबरला पत्र आलं: अर्जात ड्रमरचं नाव वडिलांच्या नावासकट होतं आणि ना-हरकत पत्रात त्याशिवाय. चूक आमचीच. नवं पत्र २ जानेवारीला पाठवलं. अशा पत्रात उत्तराची मुदत दिलेली असते. ती चुकली तर अर्ज बाद होऊ शकतो, म्हणून अर्जात रोज उघडला जाणारा ईमेल पत्ता द्या.

मधल्या काळात ईपी आली. १ नोव्हेंबरला वितरकाकडे (गाणी ऑनलाइन ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) गाणी चढवली, २९ नोव्हेंबरला प्रकाशित झाली. चार आठवड्यांची ही सवड ठेवाच. प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकी आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाची आंतरराष्ट्रीय ओळख) मिळतो, आणि त्याच गाण्याची वेगळी आवृत्ती काढली तर तिला नवा क्रमांक लागतो. वितरकाच्या फॉर्ममध्ये संगीतकाराच्या रकान्यात बँडचं नाव घालू नका, माणसांची कायदेशीर नावं घाला. आमच्या पहिल्या मसुद्यात तिथे बँडचंच नाव गेलं होतं. दोन दिवस आधी सापडलं.

३० नोव्हेंबरला मुंबईत छोटा कार्यक्रम केला. साउंडचेकला पंधरा मिनिटं मिळाली, म्हणून प्रीॲम्प पेडलच्या (ॲम्पऐवजी बेसचा आवाज घडवणाऱ्या छोट्या पेटीच्या) बटणांवर खडूच्या खुणा करून नेल्या होत्या आणि तिथूनच थेट सिग्नल दिला. हे पेडल जुलैमध्ये जुनं घेतलं होतं, १४,००० रुपयांना, आणि छोट्या जागी स्वतःच्या ॲम्पपेक्षा त्याचाच जास्त भरवसा वाटतो. रात्री दहाच्या आत वाजवून संपवलं. आवाजाच्या नियमांबद्दल बोलताना मुंबईतल्या जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहाचं नाव येतं. १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव तिथे गाजला, आणि पुढे ती जागा शांतता क्षेत्रात येते म्हणून तिथले कार्यक्रम थांबले. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरच्या आतली जागा ठरवण्याआधी हे तपासून घ्या.

२० डिसेंबरला आयपीआरएसच्या (गाण्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेच्या) सदस्यत्वाचा अर्ज केला. ही संस्था गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांची, नुसत्या वादकांची नाही, म्हणून आधीच्या वाटणीच्या कागदाला महत्त्व. पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश, फोटो, आणि प्रकाशित गाण्याची लिंक. फेब्रुवारीत सदस्यत्व आणि आयपीआय क्रमांक (रचनाकाराची आंतरराष्ट्रीय ओळख) मिळाला. पण सदस्य झालं म्हणजे गाणी आपोआप नोंदली जात नाहीत. प्रत्येक गाणं, आयएसआरसी क्रमांक आणि टक्केवारीसह, वेगळं कळवावं लागतं. चौघांपैकी एकाने टक्के वेगळे भरले तर ते गाणं वादात अडकतं, म्हणून आम्ही एका संध्याकाळी एकत्र बसून, तोच सही केलेला कागद समोर ठेवून भरले.

११ मार्च २०२५ रोजी कॉपीराइट नोंदणीची प्रमाणपत्रं आली, पाच गाण्यांची पाच. रचनाकाराच्या रकान्यात चार नावं आहेत. दुसऱ्या गाण्याचं प्रमाणपत्र मी दोनदा वाचलं, मग पाचही बाकीच्या तिघांना पाठवली आणि एकेक छापील प्रत वाटणीच्या कागदाला टाचून ठेवली. पुढच्या ईपीची पहिली दोन गाणी एप्रिलमध्ये सरावाला येणार होती. त्यांचा वाटणीचा कोरा कागद त्याच फाइलमध्ये ठेवला.